सकाळी दिलेलं विरजण

सांगलीच्या आमच्या वाड्यात कुणी विरजण विकत आणल्याचं मला आठवत नाही. ते कुणाकडे तरी असायचंच. आपलं दही संपलं, नासलं, किंवा चार दिवस गावाला जाऊन आलो, की आई हातात वाटी द्यायची आणि मी समोरच्या काकूंकडे पळायचो. काकूंचं संपलं की त्यांची मुलगी आमच्याकडे यायची. नियम एकच. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही. तिन्हीसांजेला घरातलं दूध, दही, मीठ बाहेर गेलं की लक्ष्मी जाते, असं आजी म्हणायची. पण त्याला जोडून आणखी एक नियम होता, तो ती बोलून दाखवत नसे, नुसता पाळत असे. संध्याकाळी परत पाठवलेल्या माणसाच्या घरी सकाळी दूध तापायच्या आत आपण होऊन विरजण पोचतं करायचं. डोळे चोळत ती वाटी घेऊन मी कितीदा तरी गेलो आहे. वाटी परत यायची तीही रिकामी नाही. कधी चार शेंगा, कधी कढीलिंबाची डहाळी, काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

ही गोष्ट मात्र सांगलीतली नाही. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातली आहे आणि दह्याची नसून बियरची आहे. बियर म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ती मला समजते. आईचा सख्खा मामा दारूपायी गेला. आमच्या घरात तो शब्द हळू आवाजात उच्चारला जाई.

इथे लोक घरी बियर करतात. 1978 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने त्याला केंद्राच्या पातळीवर मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास. विकायची नाही, आपण प्यायची. मी त्यात ओढला गेलो तो पिण्याच्या हौसेने नाही, वासाने. एका सहकाऱ्याच्या घरी मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजत होती आणि त्या वाफेत मला आईच्या नाचणी सत्त्वाचा वास आला. दारात उभ्या उभ्या मला सांगलीचं स्वयंपाकघर दिसलं. पुढच्या महिन्यात माझ्या गॅरेजमध्ये पातेलं आलं.

बियर माणूस करत नाही, हे कळायला मला वर्ष लागलं. माणूस करतो ते बार्लीचं गोड पाणी. त्यात हॉप्सची फुलं उकळतो, ते निववतो आणि बाजूला होतो. पुढचं सगळं यीस्ट करतं. एकोणीस लिटर साध्या बियरला सुमारे सतरा हजार कोटी जिवंत पेशी लागतात. ताज्या पाकिटात त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त असतात, जुन्या पाकिटात त्याहून कितीतरी कमी. सुरुवातीला मी पाकीट फाडून तसंच ओतत असे. मोजक्या पेशी, समोर गोडाचा समुद्र. दोन-दोन दिवस फेस येत नसे, तेवढ्यात भलतेच जंतू आत शिरत, आणि बाटलीत उतरे ते काहीतरी उग्र, कधी आंबूस. मी यीस्टला नावं ठेवी. चूक माझी होती. कामाला माणसं कमी द्यायची, तीही उपाशी, आणि काम बिघडलं की माणसांना बोल लावायचा, तसलं ते होतं.

मग मी स्टार्टर करायला शिकलो. स्टार्टर म्हणजे यीस्टचं विरजणच. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम माल्टची पूड, दहा-पंधरा मिनिटं उकळी, मग झाकून गार करणं. पंचवीसच्या खाली आलं की निर्जंतुक केलेल्या काचेच्या फ्लास्कमध्ये ओतायचं, त्यात यीस्ट सोडायचं, तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद सैलसर बसवायचा. हवा आत जावी, धूळ जाऊ नये. येता-जाता फ्लास्क हलवायचा. दीड दिवसाने फ्रीजमध्ये ठेवला की यीस्ट तळाशी बसतं. वरची निवळी ओतून टाकायची आणि साका बियरच्या पिंपात घालायचा.

माल्ट यापेक्षा जास्त घालायचा मोह होतो. जास्त खायला दिलं तर जास्त वाढेल, असं वाटतं. तसं होत नाही. मीठ चोळलेली कैरी जशी पाणी सोडते, तशी घट्ट साखरपाण्यात यीस्टची पेशी स्वतःचं पाणी गमावते आणि वाढायचं सोडून जीव वाचवत बसते. आणि हवा हवीच. पेशीच्या पडद्याला लागणारी काही स्निग्ध द्रव्यं प्राणवायूशिवाय बनत नाहीत. पेशीला अंकुर फुटतो, लेक वेगळी होते, तेव्हा आईकडचा साठा दोघींत वाटला जातो. त्या लेकीला लेक होते, पुन्हा वाटणी. हवेतून भर पडली नाही तर वाटता वाटता साठा इतका कमी उरतो की वाढच थांबते. लेक सुटून गेली की आईच्या अंगावर त्या जागी एक वण राहतो, सूक्ष्मदर्शकातून तो दिसतोही. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

2015 साली मला माझं यीस्ट मिळालं. बेल्जियममधल्या वेस्टमाले इथल्या मठातले साधू बियर करतात आणि ती बाटलीतच शेवटची मुरते, म्हणून बाटलीच्या तळाशी जिवंत यीस्टचा पातळसा थर असतो. बियर पेल्यात ओतून मी तो बोटभर गढूळ साका ठेवला. त्यावर पातळ माल्टचं पाणी घातलं, अर्धी वाटी. चौथ्या दिवशी काचेला एक पांढरी कड दिसली. मग एक वाटी, मग अर्धा लिटर, मग दोन लिटर. तेच यीस्ट मी पुढे एका बियरमधून दुसरीत नेत राहिलो. त्याच घराण्यातलं यीस्ट दुकानात मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण माझं पाच वर्षं माझ्या तळघरात राहिलेलं, पोर्टलंडचं मऊ पाणी प्यालेलं. त्याची बियर लवंग आणि पिकल्या पेरूच्या मधला कसलातरी वास घेऊन यायची. गावातल्या स्पर्धेत त्या बियरला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, आणि ते यीस्ट माझं झालं. आधी ते माझ्याकडे होतं, आता माझं झालं.

पाहुणे आले की मी त्यांना एक गोष्ट सांगत असे. 1845 साली कोपनहेगनचा जे. सी. याकोब्सेन म्युनिकला गेला. तिथल्या श्पाटेन ब्रुअरीच्या गॅब्रिएल झेडलमायरने त्याला आपलं यीस्ट दिलं. घोडागाडीचा लांबचा प्रवास. याकोब्सेनने यीस्टची भांडी टोपीच्या पेटीत ठेवली आणि गाडी थांबेल तिथे उतरून त्यांवर गार पाणी ओतलं. त्याच यीस्टवर त्याने दोन वर्षांनी कार्ल्सबर्ग उभी केली, आपल्या कार्ल नावाच्या मुलाच्या नावाने. पुढे तिथली बियर बिघडू लागली, तेव्हा त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एमिल क्रिस्टियान हान्सेनने, एकेकाळी घरं रंगवून पोट भरणाऱ्या माणसाने, 1883 मध्ये चांगल्या यीस्टची एकच पेशी वेगळी केली. ती वाढवत वाढवत ब्रुअरीला पुरेल इतकी केली. या शोधावर पेटीभर सोनं कमावता आलं असतं. याकोब्सेनने तो जाहीर केला आणि जो ब्रुअर मागेल त्याला यीस्ट दिलं. मी हेही सांगत असे की बेल्जियममधल्याच वेस्टफ्लेटेरनचे साधू आपलं यीस्ट वेस्टमालेच्या साधूंकडून आणतात, एका मठाचं विरजण दुसऱ्या मठात जातं. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकत. माझा आवाज भरून येई. आणि ते खरं होतं, मी नाटक करत नव्हतो. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

2019 च्या नोव्हेंबरात आई सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच आठवड्यात तिने गॅरेजमध्ये फ्लास्क पाहिला.

“हे काय फसफसतंय?”

मी सांगितलं. ती काही बोलली नाही, आत गेली. दोन दिवस तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मी निवळी ओतत होतो, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली आणि बघत राहिली.

“कुरडयांच्या चिकासारखं करतोस,” ती म्हणाली. “हात हलवू नकोस, साका उठेल.”

त्यानंतर ती अधूनमधून येऊन बसू लागली. बियरशी तिने शेवटपर्यंत संबंध ठेवला नाही, पिंपाला हातही लावला नाही. पण स्टार्टर तिला आपला वाटला. भांडी, चमचा, झाकण, हात सगळं जंतुनाशकातून काढताना ती मला म्हणाली, “हे तुझं सोवळं.” मग माझ्या सोवळ्यात ती माझ्याहून कडक निघाली. मी मोबाइलला हात लावून परत फ्लास्ककडे वळलो की टोकायची. मी कामावर असताना येता-जाता फ्लास्क हलवण्याचं काम तिने आपणहून घेतलं. “हललं पाहिजे ना रे? मग मी हलवते.”

मार्चमध्ये कोरोनाने जग बंद झालं. तिचं एप्रिलचं तिकीट रद्द झालं, विमानंच नव्हती. सगळीकडे टंचाई होती, आणि दुकानांतून पावाचं यीस्टसुद्धा नाहीसं झालं होतं. अशात एप्रिलमध्ये एका संध्याकाळी कुंपणापलीकडून आजोबांनी हाक मारली. आजोबा म्हणजे आमचे शेजारी, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर शाळेची बस चालवली, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. 1978 चा तो कायदा झाला तेव्हापासून घरी बियर करणारे. नाताळात त्यांनी माझी बियर चाखली होती. आता ते घराबाहेर पडत नव्हते, त्यांच्याकडचं जुनं पाकीट मेलेलं निघालं होतं आणि बार्ली भिजवून झाली होती.

“तुझ्या त्या यीस्टचे दोन चमचे देशील का?”

गॅरेजच्या फ्रीजमध्ये चार बरण्या होत्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात तारीख. आजोबाही पूर्वी स्पर्धेत उतरत. माझ्या मनात त्या क्षणी निळी फीत आली. मी हे लपवत नाही.

“जास्तीचं नाहीये हो सध्या,” मी म्हणालो. “असतं तर दिलंच असतं.”

त्यांनी मान हलवली, “काही हरकत नाही,” म्हणाले आणि हळूहळू आत गेले. मी वळलो तर आई मागच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. तिला इंग्रजी फार येत नसे, पण यीस्ट हा शब्द तिला माझ्याइतकाच माहीत होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. देठ खुडत राहिली.

दुसऱ्या दिवशी, त्यानंतरही, ती त्याबद्दल काही बोलली नाही. ऑगस्टच्या शेवटी आजोबांनी कुंपणावरून एक लोणच्याची बरणी तिच्या हातात दिली. काठोकाठ जांभळ्या प्लम्सनी भरलेली, त्यांच्या अंगणातल्या झाडाचे. आईने बरणी छातीशी धरून आत आणली आणि दिवसभर खुशीत होती. ही बरणी आपली होती, ती तिकडे कशी गेली, हे मी विचारलंही नाही. सप्टेंबरात तिला भारतात नेणाऱ्या विमानात जागा मिळाली.

2021 च्या फेब्रुवारीत पोर्टलंडवर बर्फाचा पाऊस झाला. काचेसारख्या बर्फाच्या वजनाने झाडं मोडून तारांवर पडली, लाखो घरांची वीज गेली. आमची दोन दिवस नव्हती. पहिल्या रात्री दारावर थाप पडली. आजोबा उभे होते, हातात त्यांचा कॅम्पिंगचा गॅसचा स्टोव्ह. एवढ्या निसरड्यावरून, या वयात, काठी टेकत आलेले. “तुमच्याकडे लहान मुलं आहेत,” म्हणाले. “मला एकट्याला काय लागतं.” मला भरून आलं आणि थोडं बोचलंही. इतकं करावं असं मी त्यांच्यासाठी काय केलं होतं?

जूनमध्ये उलटं झालं. या शहराचा तोवरचा उष्म्याचा विक्रम 41.7 अंशांचा होता. 28 जूनला पारा 46.7 वर गेला. सांगलीचा उन्हाळा सोसलेला माणूस मी, पण ही घरं थंडीसाठी बांधलेली, उष्णता आत घेऊन धरून ठेवणारी. 26 तारखेलाच मुलांना घेऊन आम्ही समुद्राकाठी गेलो होतो. 29 च्या रात्री परतलो. गॅरेजचं दार उघडलं तर फ्रीजची घरघर नव्हती. विजेची कळ कधीतरी पडली होती, कोण जाणे केव्हा. आतली हवा भट्टीसारखी.

चार बरण्या. पांढऱ्या सायीसारखा असणारा साका तपकिरी झाला होता. झाकण उघडल्यावर सोया सॉससारखा, मांसासारखा जड वास आला. पेशी मेल्या की स्वतःच्याच रसांनी आतून विरघळतात, त्याचा हा वास. तरी मी चारही बरण्यांतून थोडं थोडं घेऊन चार लहान फ्लास्क लावले. पातळ पाणी, हवा, तळघराचा गारवा, सगळं नीट. चार दिवस रात्री उठून टॉर्च लावून बघत होतो. एकात काहीच झालं नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही. चौथ्यावर पाचव्या दिवशी हिरवट बुरशी आली.

रविवारी आईला फोन लावला तेव्हा मी सांगणार नव्हतो. पण तिनेच विचारलं, “तुझं विरजण कसंय?” ती दर रविवारी विचारायची.

“गेलं, आई.”

मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. पलीकडे सांगलीत कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“सगळं नाही गेलं,” ती म्हणाली. “पलीकडच्या आजोबांकडे असेल.”

मला कळेना. मग तिने सांगितलं. त्या संध्याकाळनंतर सकाळी मी झोपलेला असताना ती उठली. लोणच्याची रिकामी बरणी पाण्यात उकळली, चमचा उकळला, हात माझ्या औषधात बुडवले. सगळ्यात ताज्या तारखेच्या बरणीतून दोन चमचे काढले, वर पातळ पाणी घातलं, कागद लावला आणि कुंपणापाशी जाऊन आजोबा बाहेर येण्याची वाट बघत उभी राहिली.

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू पुन्हा नाही म्हणाला असतास. एकाच गोष्टीला दोनदा नाही म्हणायला लागलं की माणसाचं आतलं काहीतरी निबर होतं रे.” मग जरा थांबून, “दारू त्यांची ते बघतील. माझ्या दारात माणूस विरजण मागायला आला होता.”

“माझ्या” म्हणाली ती. माझं घर, माझं गॅरेज, माझं यीस्ट, आणि ती दार स्वतःचं म्हणत होती. मला राग यायला हवा होता. आला नाही.

“सकाळी जा,” फोन ठेवताना ती म्हणाली. “तिन्हीसांजेला मागू नये.”

मी दुसऱ्या सकाळी गेलो नाही. तिसऱ्याही नाही. तेच दोन चमचे आता मी मागायचे होते, ज्याला नाही म्हटलं त्याच्याकडे. चौथ्या सकाळी सहा वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा दिसला आणि मी कुंपण ओलांडलं.

मी कशाला आलोय हे पुरतं सांगायच्या आतच ते मला तळघरात घेऊन गेले. त्यांचा जुना गोल दारांचा फ्रीज चालू होता. वरच्या कप्प्यावर तीन बरण्या, एकीसारखी एक. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तीवर थरथरत्या मोठ्या अक्षरात एकच शब्द, ‘आई’. इंग्रजीत, अर्थात.

“मागच्या वर्षभरात नऊ वेळा बियर केली त्यावर,” ते म्हणाले. “शेवटची मेमध्ये. बायको गेल्यापासून मी पातेलं काढलंच नव्हतं. त्या एप्रिलमध्ये मनाशी म्हटलं, एकदा करून बघू, जमलं नाही तर सगळं सामान देऊन टाकू. आणि पाकीट मेलेलं निघालं.” त्यांनी मधली बरणी काढली. “मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई. मास्क लावलेली, हात लांब करून बरणी पुढे केली, तुझ्या गॅरेजकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, माझ्या मुलाने दिलंय. मग म्हणाली, मॉर्निंग. दोनदा म्हणाली. मी पण गुड मॉर्निंग म्हणालो.”

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. तिने ते माझ्या नावाने दिलं होतं. सव्वा वर्ष हा माणूस मला देणारा समजून चालला होता. बर्फावरून काठी टेकत तो स्टोव्ह घेऊन आला होता तो मी न केलेल्या गोष्टीसाठी. आणि सकाळी का दिलं, काल का नाही, हे ती तिच्या परीने सांगत होती. माझ्या नकाराला तिने तिन्हीसांजेचं निमित्त करून टाकलं होतं.

बरणी घेऊन मुकाट निघून जाणं सोपं होतं. त्यांना काहीच कळलं नसतं.

“ते मी पाठवलं नव्हतं,” मी म्हणालो. “तुम्ही मागितलंत तेव्हा माझ्याकडे चार बरण्या भरलेल्या होत्या. मी खोटं बोललो. आईने मला न सांगता दिलं.”

फ्रीजचं दार उघडंच होतं. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग त्या चिकटपट्टीकडे. अंगठ्याने तिची सुटलेली कड दाबून बसवली. खूप वेळ गेला असं मला वाटलं.

“फ्लास्क स्वच्छ आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग वेळ घालवू नकोस. गरम होतंय.” आणि बरणी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी सोवळ्याने सुरुवात केली. दोन महिने फ्रीजमध्ये पडलेलं यीस्ट, त्यातलं किती जिवंत असेल सांगता येत नाही. अशाला एकदम लिटरभर द्यायचं नसतं. तापातून उठलेल्याला पेज देतात तसं. 200 मिलिलिटर पाणी, त्यात माल्टची पूड फक्त दहा ग्रॅम. उकळलं, भांडं गार पाण्यात ठेवून बावीस अंशांवर आणलं. निवळी ओतताना हात हलू दिला नाही. दोन चमचे साका घातला, कागद लावला, तळघरात नेऊन ठेवला. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. दर तासाला खाली जाऊन फ्लास्क हलवत होतो, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की माझ्याआधी कुणीतरी नुकतंच तो हलवून गेलं आहे.

रात्री अकराला काही नव्हतं. पहाटे चारला काचेच्या कडेला, केसाएवढी बारीक, पांढरी रेघ. सातला फ्लास्क हलवला तर तळातून बुडबुड्यांची माळ वर आली. मी दुसरं पाणी उकळायला ठेवलं. यावेळी एक लिटर आणि पूर्ण 100 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी त्यावर जाडसर सायीचा फेस उभा राहिला आणि तळघराच्या जिन्यावर तो वास आला, लवंग आणि पिकला पेरू. थोडा बदलला होता. आजोबांच्या तळघरात, त्यांच्या हाताखाली नऊ वेळा वाढलेला. आधीपेक्षा जरा सौम्य. खरं सांगायचं तर मला जास्त आवडला.

सांगलीत तेव्हा रात्र झाली होती, तरी मी व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा फ्लास्कवर धरला. आईने चष्मा चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ आली.

“लागलं?”

“लागलं.”

ती फेसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि त्यांची बरणी? परत करताना आत काय घातलंस?”

मी मोरीकडे पाहिलं. बरणी तिथे धुऊन पालथी घातलेली होती, तिच्यावरची चिकटपट्टी अजून ओली होती.